मुलांना भारत दाखवायचाय? राज्यं-राजधान्या नंतर, आधी नळाचं पाणी

बहुतेक घरांत देशाची ओळख म्हणजे भिंतीवर लॅमिनेट केलेला रंगीत नकाशा आणि मग पाहुणे आले की "सांग बरं काकांना, छत्तीसगडची राजधानी काय?" पोरं पाठ करतात, धडाधड म्हणून दाखवतात, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर विचारलं की रायपूर, रांची, भोपाळ सगळी खिचडी. त्यांचा दोष नाहीये त्यात. सात-आठ वर्षांच्या मुलाला राज्याची सीमा हा प्रकारच कळत नाही, कारण ती रेघ जमिनीवर कुठेच दिसत नाही ना. उतार दिसतो, नदी दिसते, पाऊस अंगावर पडतो, दगड पायाखाली असतो, म्हणून माझं सरळ मत आहे की सुरुवात तिथून करा आणि राज्यं अगदी शेवटी आणा. खाली जे लिहितेय ते साधारण पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे, रविवारी अर्धा-पाऊण तास या हिशोबाने. दोन-तीन महिन्यांत आरामात होतं, घाई करू नका.

आधी वरून बघायला शिकवा

नकाशा म्हणजे वरून दिसणारं चित्र, हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की लहान मुलाला ते कळत नसेल असं वाटतच नाही. पहिली-दुसरीतल्या मुलाला खुर्चीवर उभं करा (धरून!), खाली जमिनीवर डबा, चप्पल, बॉल, पुस्तक ठेवा आणि वरून जसं दिसतं तसं काढायला सांगा. डबा काढताना पहिल्यांदा हमखास बाजूने दिसतो तसा उंच काढतात, मग परत बघायला सांगायचं, की अरे वरून तर नुसता गोल दिसतोय. मग खोलीचा नकाशा, मग बिल्डिंगपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतचा. चौथी-पाचवीतली मुलं असतील तर हे पाच मिनिटांत उरका.

दिशा शिकवताना सकाळी सूर्य कुठल्या खिडकीतून येतो ते बघा आणि त्यावरून घरातली उत्तर नक्की करा. आता महत्त्वाचं, देशाचा नकाशा भिंतीवर लावू नका, निदान पहिले काही आठवडे तरी. जमिनीवर अंथरा आणि नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करून ठेवा. भिंतीवर लावला की उत्तर म्हणजे 'वर' असं डोक्यात बसतं, आणि मग चंबळ नदी इंदूरजवळच्या डोंगरात उगम पावून उत्तरेला यमुनेकडे जाते म्हटलं की मुलं विचारतात, नदी वर कशी चढली? जमिनीवर ठेवलेल्या नकाशात हा गोंधळ होतच नाही.

नकाशा कुठला घ्यायचा

सर्व्हे ऑफ इंडियाच्या साईटवर भारताचे आउटलाइन नकाशे फुकट मिळतात, तेच घ्या. गुगल इमेजेसमधून पहिला दिसला तो डाउनलोड केला की बऱ्याचदा काश्मीर-लडाखची सीमा चुकीची असते, आणि ते मुलाच्या वहीत चिकटलं की शाळेतून चिठ्ठी येणार. जुना चार्ट घरात असेल तर एक सोपी तपासणी: लडाख वेगळा दाखवलाय का, आणि तेलंगणा आहे का? नसेल तर रद्दीत. आता २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. झेरॉक्सच्या दुकानात मोठी प्रिंट काढून मिळते, साधारण मीटरभर उंचीची काढा, ब्लॅक ॲण्ड व्हाइट आणि शक्यतो नावं नसलेली. त्याच्या चार-पाच छोट्या कॉप्या वेगळ्या काढून ठेवा, लागतात.

नळापासून समुद्रापर्यंत

हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि इथे हवा तितका वेळ द्या. प्रश्न एकच: आपल्या नळाला येणारं पाणी कुठल्या धरणातून येतं, आणि ते अडवलं नसतं तर कुठे गेलं असतं?

पुण्यात असाल तर खडकवासला, म्हणजे मुठा. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा पार रायचूरच्या बाजूला जाऊन कृष्णेला, आणि कृष्णा विजयवाड्यावरून बंगालच्या उपसागरात. सोलापूरकरांचं उजनी म्हणजे पुन्हा भीमाच. कोल्हापूरकरांची पंचगंगा थेट कृष्णेला. नाशिकचं गंगापूर धरण आणि छत्रपती संभाजीनगरचं जायकवाडी, दोन्ही गोदावरीवर. नागपूरचं पाणी पेंच-कन्हानमधून, ते वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत, म्हणजे नाशिकचं आणि नागपूरचं पाणी शेवटी एकत्रच जातं की! जळगावचं वाघूर धरण मात्र तापीच्या खोऱ्यातलं, ते अरबी समुद्राकडे. मुंबईचं तानसा, भातसा, वैतरणा, तेही अरबी समुद्राकडेच. गोव्यात असाल तर म्हादई घ्या, कर्नाटकात उगम, पणजीला मांडवी म्हणून समुद्रात.

मुलाला बोटाने नकाशावर ही वाट फिरवू द्या आणि मग निळी लोकर चिकटवू द्या. परदेशात राहणाऱ्यांनी आजी-आजोबांच्या गावाचा नळ घ्यावा. व्हिडिओ कॉल लावा आणि आजोबांनाच विचारायला सांगा, आजोबा लोकांकडे धरण, पूर, दुष्काळ या विषयावर बोलण्यासारखं भरपूर असतं आणि ऐकणारं कोणी नसतं.

आता कोडं टाका. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किमी. मग ती तिकडे न जाता उलट्या बाजूला १,४६५ किमी चालत बंगालच्या उपसागरात का जाते? उत्तर लगेच देऊ नका हं. एक आठवडा राहू दे डोक्यात. मुलं काहीही भन्नाट कारणं सांगतात, ती सगळी ऐका. आणि वर अजून एक सांगा की त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत वैतरणाही उगम पावते आणि ती मात्र पश्चिमेला अरबी समुद्रात जाते, म्हणजे शेजारी शेजारी पडलेले पावसाचे दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांत.

शाडूचा भारत

कोड्याचं उत्तर हाताने शोधायचं. गणपतीच्या सीझनला शाडू माती सहज मिळते, एरवी मीठ घालून मळलेली कणीकही चालते पण शाडूची मजा वेगळी. एका मोठ्या ट्रेमध्ये किंवा जुन्या प्लायवर देशाचा आकार काढा. उत्तरेला हिमालयाची उंच भिंत, तिच्या पायथ्याशी सपाट पट्टा, मध्ये आडवे विंध्य आणि सातपुडा, वायव्येला अरवलीची बुटकी रांग, ईशान्येच्या टेकड्या. दक्षिणेचं पठार करताना पश्चिमेची कड उंच ठेवायची आणि पूर्वेकडे हळूहळू उतरवत न्यायचं, पूर्व घाट तुकड्यातुकड्यांत. सह्याद्री म्हणजे या पठाराची उचललेली कड, आणि कडेच्या खाली पश्चिमेला कोकणाची बारीक चिंधी.

थोडी सुकली की ट्रे बाल्कनीत न्या आणि स्प्रेच्या बाटलीने सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर पाणी मारा. काही ओघळ पटकन पश्चिमेला पडतील, बाकीचे पूर्वेकडे लांबच लांब जातील. बस्स, इथे काही समजवायचं नसतं, मूल स्वतःच ओरडतं. नर्मदा-तापीसाठी विंध्य-सातपुड्याच्या मधे आणि सातपुड्याच्या दक्षिणेला बोटाने खोल खोबणी करा, त्या दोघी पठाराच्या उताराविरुद्ध पश्चिमेला का जातात ते दिसेल. अमरकंटकला तर गंमतच आहे, नर्मदा तिथून पश्चिमेला जाते आणि शोण तिथल्याच परिसरात उगम पावून गंगेकडे.

पाणी जास्त मारलं की हिमालय विरघळायला लागतो आणि पायथ्याच्या सपाट पट्ट्यावर गाळ पसरतो. पुसू नका! गंगेचं मैदान असंच भरत आलंय आणि उरलेला गाळ बंगालमध्ये समुद्राच्या तोंडाशी साचून त्यावर सुंदरबन उभं आहे.

मोठ्या मुलांना एक हिशोब द्या. उत्तर-दक्षिण भारत ३,२१४ किमी आहे, तो आपण एक मीटरमध्ये बसवला तर ८,५८६ मीटरचं कांचनजंगा किती उंच करायला हवं? उत्तर येतं पावणेतीन मिलिमीटरच्याही किंचित खाली. आणि आपलं १,६४६ मीटरचं कळसूबाई अर्धा मिलिमीटर! म्हणजे आपण मातीत जे डोंगर केले ते प्रमाणाबाहेर फुगवलेले आहेत हे त्यांना सांगून टाका, नाहीतर पुढे सॅटेलाइटचा फोटो बघून "डोंगर कुठे गेले?" होतं.

पावसाच्या पट्ट्या

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात हे मुलं बातम्यांत ऐकतात पण म्हणजे काय ते माहीत नसतं. पावसाळ्यात सरळ बाजूंचा एक डबा गच्चीत ठेवा आणि सकाळी पट्टीने पाणी मोजा, झालं.

मग निळ्या कागदाच्या पट्ट्या कापायच्या. खऱ्या पावसाच्या एक दशांश उंची, म्हणजे १०० मिमी पावसाला १ सेंटीमीटर. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिमी, पट्टी १ सेंटीमीटर. जैसलमेरला २ च्या आसपास. पुणे साधारण ७, मुंबई २२-२३, महाबळेश्वर ५५ ते ६०. आणि मेघालयातलं मौसिनराम जवळजवळ ११८ सेंटीमीटर, म्हणजे दुसरीतल्या पोराच्या उंचीएवढी पट्टी, ती त्याच्या शेजारी धरून फोटो काढा. पट्ट्या आकड्यांप्रमाणे अंदाजेच असतात, पाऊस दरवर्षी थोडाच सारखा पडतो, पण फरक डोळ्यांत भरतो.

इथे परत शाडूच्या नकाशाकडे जायचं. अरबी समुद्रावरून ढग येतात, सह्याद्रीला धडकतात, वर चढताना थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात, त्यामुळे महाबळेश्वरहून खाली वाईला उतरलं की पाऊस हजार मिमीच्याही आत. बंगालच्या उपसागरावरून येणारे ढग तसेच खासी टेकड्यांना धडकतात. अरवलीची रांग मात्र वाऱ्याच्या दिशेलाच समांतर पडलीये, अडवणार काय. चेन्नईची पट्टी करायची असेल तर साधारण १४ सेंटीमीटर घ्या पण वेगळ्या रंगाची, कारण तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आपल्याकडे थंडी सुरू झालेली असते तेव्हाचा.

आणि वाळवंट म्हणजे गरम, हे लेहच्या पट्टीवरून मोडून काढा. तिथे नुब्रा खोऱ्यात दोन मदारींचे उंट आहेत आणि हिवाळ्यात बर्फ पडतं. राजस्थानचा एका मदारीचा उंट आणि हा, दोघांचे फोटो शेजारी ठेवून कोणाला केस जास्त आहेत ते विचारा.

पायाखालचे दगड

हे फार कमी लोक करतात आणि मला हे सगळ्यात आवडतं. जुन्या घरांत, चाळीत, आजोळी फरशी बघत फिरा. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची, कोटा राजस्थानातल्या कोट्याची, ओट्याचा काळा कडप्पा आंध्रातल्या कडप्पाचा, देवघरात संगमरवर असेल तर तो मकराण्याचा असू शकतो. एका घरात बसल्या जागी चार गावं सापडली! ती नकाशावर बटणं चिकटवून दाखवा. कोकणातल्या घराच्या भिंतीत लाल जांभा, आणि घाटावर किल्ले, देवळं, जुने वाडे काळ्या पाषाणाचे. हा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा, त्याच्यापासूनच आपली कापसाची काळी जमीन झाली. घाटातून जाताना कड्यावर आडव्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात ना, ते थर. गाडी थांबवता आली तर मोजायला लावा.

शहाबादी किंवा कोट्याचा फुटका तुकडा मिळाला तर त्यावर थोडं व्हिनेगर टाका, बारीक बुडबुडे येतात कारण तो चुनखडीचा दगड आहे. काळ्या पाषाणावर काही होत नाही. घरातल्या चांगल्या फरशीवर करू नका, डाग पडतो.

प्राणी, पण पत्त्यासकट

प्राण्यांची यादी करायची नाही, एकेका प्राण्याला "हा इथेच का?" विचारायचं. वाघ-सिंह त्यांना माहीत असतात, त्यामुळे थोडे कमी फेमस घ्या. कच्छच्या छोट्या रणातलं घुडखर, खाऱ्या सपाट जमिनीवर पळणारं रानगाढव. माळढोकला उघडं माळरान लागतं, म्हणून तो जंगलात शोधून उपयोग नाही. मणिपूरच्या लोकटाक तळ्यात गवत-मुळं-मातीचे तरंगते थर आहेत, त्यांना फुमदी म्हणतात, आणि त्या तरंगत्या जमिनीवर संगाई हरीण राहतं. पाचवीतल्या मुलांनासुद्धा हे खरं वाटत नाही, व्हिडिओ दाखवा. शेकरू भीमाशंकरला जाऊन बघता येतं, आणि ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो.

ऑलिव्ह रिडले कासवाची गोष्ट मात्र चुकवू नका. ओडिशाच्या किनाऱ्यावर ती लाखांनी येतात, आपल्याकडे वेळासला वगैरे थोडी येतात, आणि ही दोन्हीकडची वेगळी असा समज होता. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. मुलाला दोरा द्या आणि ती समुद्रातून कुठून कशी आली असेल ते नकाशावर लावून दाखवायला सांगा. श्रीलंका मधे येते, तिला वळसा घालायचा की मधल्या उथळ पट्ट्यातून जायचं यावर चांगली भांडणं होतात.

आता आणा राज्यं

इतकं झाल्यावर नद्यांची लोकर लावलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि त्यावर राज्यांच्या सीमा. आता मूल "तेलंगणा" ऐकतं तेव्हा त्याला तिथून जाणारी आपली गोदावरी माहीत असते. एकदम अठ्ठावीस नकोत. आधी आपल्या नदीवरची, मग समुद्राला लागून असलेली, मग हिमालयाला टेकलेली, मग उरलेली. ईशान्येची राज्यं एका घासात 'सेव्हन सिस्टर्स' म्हणून संपवू नका, आसामचं नदीकाठचं मैदान आणि नागालँडच्या टेकड्या यांत सारखं काय आहे?

तो पारंपरिक वेशभूषेचा चार्ट, पंजाबी म्हणजे भांगडा आणि बंगाली म्हणजे रसगुल्ला, तो मला अजिबात आवडत नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघर बघा. शेजारी कोणाकडे मोहरीचं तेल वापरतात, कोणाकडे खोबरेल, शेंगदाण्याचं, तिळाचं? कोणाकडे रोज भात, कोणाकडे भाकरी? पावसाच्या पट्ट्या शेजारी ठेवून बघा, भात कुठे आणि बाजरी कुठे ते बरंचसं जुळतं. जिथे जुळत नाही, जसं की पंजाबात पाऊस कमी आणि भात भरपूर, तिथे कालवे आणि बोअरवेल आहेत, हा पाचवीसाठी झकास विषय आहे.

तीन दिवसांहून लांब ट्रेन

दिब्रुगड ते कन्याकुमारी विवेक एक्सप्रेस, चार हजार किमीहून जास्त, देशातली सगळ्यात लांब पल्ल्याची गाडी. हिचं टाइमटेबल घ्या, नकाशावर एक बटण ठेवा आणि रोज शाळेतून आल्यावर गाडी आता कुठे असेल तिथे सरकवा. ब्रह्मपुत्रेचं खोरं, मग सिलिगुडीजवळ देश जिथे चिंचोळा होतो ती जागा, बंगाल, ओडिशाचा किनारा, आणि राजमहेंद्रीला गोदावरीचा पूल, हो, तीच नाशिकची. तिथे थांबून विचारा की नदी इथे इतकी रुंद कशी झाली, वाटेत कोण कोण मिळालं तिला? पुढे विजयवाड्याला कृष्णा, मग तमिळनाडू, आणि पालघाटच्या खिंडीतून केरळात, जिथे सह्याद्रीच्या रांगेत सलग मोठी फट आहे म्हणून गाडीला घाट चढावा लागत नाही. त्याच वेळी फोनवर दिब्रुगड आणि द्वारकेचा सूर्योदय बघा, जवळजवळ दोन तासांचा फरक दिसेल आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच.

मुलाला किती कळलंय ते बघायचं असेल तर तोंडी परीक्षा घेऊ नका. छोटी कोरी कॉपी द्या आणि थेंब टाका: पेन्सिलीने एक टिंब काढायचं आणि विचारायचं, इथे पाऊस पडला तर पाणी कुठे जाईल? श्रीनगर, भोपाळ, बेळगाव, गुवाहाटी असे पाच-सहा द्या. शेवटचा थेंब अजमेरच्या नैर्ऋत्येला टाका. तिथून लुणी नदी निघते आणि समुद्रापर्यंत पोचतच नाही, कच्छच्या रणात जिरून जाते, पण हे आधी सांगून ठेवू नका.